बारमासा लघुचित्रे आणि मावळचे ऋतुमान : चित्रांतील महिन्यांचे वाचन

सारांश

भारतीय लघुचित्रकलेत बारा महिन्यांचे चित्रण करणारे 'बारमासा' हे संच निसर्गचित्रांचे संच म्हणून पाहिले जातात. प्रत्यक्षात ते काव्य, पंचांग, व्रतवैकल्ये आणि मानवी नाते यांच्या आधारे रचलेले कालचित्रण आहे. ही चित्रे उत्तर भारतातील कालगणनेनुसार काढलेली असल्याने मराठी प्रेक्षकाला त्यांचा महिना स्वतःच्या महिन्याशी पडताळून पाहावा लागतो. प्रस्तुत लेखात हे वाचन कसे करावे, याचे विवेचन मावळ व लोणावळा परिसरातील ऋतुमान, दख्खनी रागमाला आणि मळवली येथील रविवर्मा छापखाना यांच्या संदर्भात केले आहे.

१. प्रस्तावना

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्याचे एक अशी बारा चित्रे असलेले संच सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत बुंदी, कोटा, जयपूर, जोधपूर, बिकानेर, अलवर, दतिया, तसेच गुलेर, कांगडा यांसारख्या डोंगरी संस्थानांत तयार झाले. त्यांतील अनेक संच आज सुटे होऊन निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरले आहेत. त्यामुळे प्रेक्षकासमोर बहुधा एकच चित्र येते. गच्चीवर बसलेले एक युगुल, मागे ढग, कोपऱ्यात मोर असे पाहून ते 'पावसाळ्याचे चित्र' आहे असा निष्कर्ष काढला जातो आणि चित्राचा बराचसा आशय वाचावयाचा राहून जातो.

मावळ हे या चित्रांचे निर्मितिस्थान नव्हे. तरीही त्यांच्या अभ्यासासाठी हा परिसर दोन कारणांनी उपयुक्त ठरतो. पहिले कारण म्हणजे येथील ऋतुभेद अतिशय ठळक आहेत. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. मळवली स्थानकाच्या परिसरातील लोहगड एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि त्याच राज्याच्या परिसरात ऋतुचित्रणाची एक वेगळी दख्खनी वाट निर्माण झाली. पुढे १८९९ मध्ये याच मळवलीत भारतीय चित्रांच्या घरोघरी होणाऱ्या प्रसाराचे एक मोठे केंद्र उभे राहिले.

२. काव्याकडून चित्राकडे

ऋतुवर्णनाची परंपरा संस्कृत काव्यात प्राचीन आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहार' या काव्यात सहा ऋतूंचे सहा सर्ग असून त्याचा आरंभ ग्रीष्माने आणि शेवट वसंताने होतो. तेथे एकक आहे ते दोन महिन्यांच्या ऋतूचे. बारमासा काव्यात हे एकक महिन्यावर येते आणि त्याबरोबर काव्याचा स्वभावही बदलतो. ऋतू निसर्गाचा असतो, तर महिना माणसाच्या व्यवहाराचा. व्रत, सण, यात्रा, देणेघेणे आणि परगावी गेलेल्याची परत येण्याची मुदत या साऱ्यांची मोजणी महिन्यांनी होते.

म्हणूनच बारमासा काव्याचा गाभा विरह हा आहे. मलिक मुहंमद जायसी यांच्या 'पद्मावत' (रचनेचा आरंभ इ. स. १५४०) या काव्यात पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नागमती आपले बारा महिने आषाढापासून मोजते. चित्रकारांना सर्वाधिक आधार मिळाला तो मात्र ओरछाच्या दरबारातील कवी केशवदास यांच्या 'कविप्रिया' (इ. स. १६०१) या ग्रंथाचा. त्याच्या दहाव्या प्रभावात चैत्रापासून सुरू होणारे बारमासा वर्णन आहे. केशवदासांच्या रचनेत एक महत्त्वाचा फरक आढळतो. जायसींची नायिका एकटी पडलेली आहे, तर केशवदासांची नायिका प्रवासाला निघू पाहणाऱ्या प्रियकराला थोपवीत आहे. प्रत्येक महिन्याचे वर्णन करून ती त्याला सांगते की, अशा महिन्यात कोणी घर सोडत नाही. विरह अजून घडलेला नाही, त्याची केवळ शक्यता आहे.

ही गोष्ट लक्षात घेतल्यास चित्रातील एक कोडे सुटते. बारमासा चित्रांत बहुतेक वेळा नायक-नायिका एकत्र दिसतात, मग त्यांना विरहाची चित्रे का म्हणावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर नायिकेच्या हाताच्या मुद्रेत असते. तिचा हात बाहेरच्या दृश्याकडे निर्देश करीत असतो. बाहेरचा निसर्ग हा तिच्या युक्तिवादातील पुरावा असतो. चित्रकाराने मागे काढलेली नदी, जत्रा, साधू, हत्ती ही सजावट नसून त्या वादातील साक्षी आहेत.

३. महिन्यांची चित्रभाषा

बारमासा चित्राची मांडणी साधारणपणे ठरलेली असते. एका बाजूस महाल किंवा गच्ची असते. तेथे नायक-नायिका, पुष्कळदा कृष्ण व राधा यांच्या रूपात, बसलेली किंवा उभी असतात. उरलेल्या भागात त्या महिन्यातील सृष्टी आणि लोकव्यवहार यांचे छोटे छोटे प्रसंग असतात. चित्राच्या वरच्या पट्टीवर किंवा पाठीमागे काव्यपंक्ती लिहिलेली असते.

प्रत्येक महिन्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. चैत्रात वृक्षांना बिलगलेल्या फुललेल्या वेली आणि पोपट-मैना दिसतात. ज्येष्ठात तळपता सूर्य आणि उन्हाने गलितगात्र झालेले हत्ती व सिंह येतात. उष्णतेपुढे ते परस्परांचे वैरही विसरतात. श्रावणात नद्या समुद्राकडे धावतात आणि ढगांत वीज चमकते. सृष्टीतील प्रत्येक जोडीचे मीलन होत असल्याचे सुचविले जाते. भाद्रपदात दिवसाही रात्रीसारखा काळोख पसरतो. कार्तिकात दीप आणि नदीस्नान, पौषात शेकोटी, ऊन आणि उबदार वस्त्रे, तर फाल्गुनात रंग, पिचकाऱ्या आणि वाद्यांचा गजर असतो. फाल्गुनाच्या चित्रात राजा-रंक, स्त्री-पुरुष यांच्यातील मर्यादा सैल झालेल्या दिसतात. तो केवळ वसंताचा उल्हास नसून वर्षाअखेरीस समाजाने स्वतःला दिलेली मोकळीक आहे.

या चित्रभाषेला तंत्राची जोड होती. कागदाचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून 'वसली' तयार करीत. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ लेप देऊन रेखाटन करीत आणि रंगाचे थर चढवून मागील बाजूने अकीक दगडाने घोटाई करीत. हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ अशा खनिज व वनस्पतिजन्य रंगांचा आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याचा वापर होई. पावसाचे चित्रण ही या तंत्राची खरी कसोटी होती. काळ्या-निळ्या ढगांच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगाच्या केसासारख्या बारीक रेषा किंवा ठिपक्यांच्या ओळी ओढून पाऊस दाखवीत. वीज ही सोन्याच्या नागमोडी रेषेने आणि ढगांची घनता पांढऱ्या बगळ्यांच्या माळेने सूचित होई. प्रत्यक्ष पाऊस दृश्य झाकून टाकतो, तर चित्रातील पाऊस दृश्यावर एक झिरझिरीत पडदा सोडतो आणि मागचे सारे स्पष्ट ठेवतो. लोणावळ्याच्या घाटातील धुके पाहिलेल्या प्रेक्षकाला हा फरक विशेष जाणवेल. चित्रकाराला पाऊस दाखवावयाचा नसून पावसाचा महिना ओळखू द्यावयाचा आहे.

४. दोन पंचांगे आणि दोन आषाढ

मराठी प्रेक्षकाने ही चित्रे वाचताना सर्वप्रथम पंचांगाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात अमान्त महिना मानतात, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात पूर्णिमान्त महिना प्रचलित आहे; तो पौर्णिमेला संपतो. दोन्हींकडे शुद्ध पक्ष एकाच महिन्याचा असतो, परंतु वद्य पक्षाचे नाव बदलते. महाराष्ट्रातील ज्येष्ठ वद्य हा उत्तरेकडे आषाढाचा कृष्ण पक्ष असतो.

याचा परिणाम चित्रात थेट दिसतो. केशवदासांच्या आश्विनात पितर पृथ्वीवर येतात, त्यानंतर नऊ दुर्गांचे पूजन होते आणि राजे आपला मुलूख पाहण्यास निघतात. महाराष्ट्रात पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो. त्यामुळे आश्विनाच्या चित्रातील पितृतर्पणाचा प्रसंग मराठी प्रेक्षकाला चुकीचा वाटू शकतो. चूक चित्रकाराची नसते. दोन कालगणनांत पंधरा दिवसांचे अंतर असते, इतकेच. त्याच चित्रातील राजांचे प्रस्थान मात्र मराठी मनाला चांगलेच परिचित आहे. पावसाळ्यात छावणीत थांबलेले मराठी सैन्य दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत असे. मावळातील कित्येक घरांना आश्विन हा निरोपाचा महिना कसा वाटला असेल, हे आश्विनाच्या बारमासा चित्रासमोर उभे राहिल्यावर समजू शकते.

आषाढाच्या बाबतीत हा भेद अधिक अर्थपूर्ण ठरतो. केशवदासांचा आषाढ हा सोसाट्याच्या वाऱ्याचा महिना आहे. पक्षी घरटे सोडीत नाहीत, संन्यासी एका जागी राहतात आणि साक्षात नारायणही लक्ष्मीसह शयन करतात. चित्रकार म्हणूनच आषाढाच्या चित्रात कुटीतील साधू आणि शेषशायी विष्णू दाखवितो. नायिकेचा युक्तिवाद असा की, देव आणि विरक्त जेथे हलत नाहीत तेथे संसारी माणसाने का निघावे?

महाराष्ट्रात नेमके याच्या उलट घडते. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी ही क्षेत्रे आहेत. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपूरचा सोहळा होतो. पूर्णिमान्त गणनेने पाहिल्यास ही सारी वाटचाल आषाढातच मोडते. ज्या महिन्यात चित्रातील साधू कुटीत बसतात, त्याच महिन्यात लाखो वारकरी भर पावसात चालत असतात. तिथी एकच, विष्णूच्या शयनाची श्रद्धाही एकच. परंतु एका परंपरेने तिच्यातून घरी राहण्याचे आणि दुसरीने घर सोडण्याचे कारण शोधले. मराठी चित्रकाराने आषाढ रंगविला असता तर त्यात रस्ता आला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

५. महिना आणि नक्षत्र

शास्त्रानुसार ज्येष्ठ व आषाढ हे ग्रीष्माचे, तर श्रावण व भाद्रपद हे वर्षा ऋतूचे महिने आहेत. मावळात मात्र आषाढात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते. इरले किंवा घोंगडी पांघरून चिखलात वाकलेल्या बायका हे येथील आषाढाचे खरे दृश्य होते. श्रावण उजाडतो तेव्हा खाचरे हिरवी झालेली असतात. अर्थात चित्रातील आषाढ मावळच्या हवामानाशी जुळत नाही.

शेतकऱ्याने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडविला आहे. पावसाची मोजणी तो चांद्र महिन्यांनी न करता सूर्यनक्षत्रांनी करतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा या क्रमाने पाऊस ओळखला जातो. मृग नक्षत्र दरवर्षी जूनच्या ७ किंवा ८ तारखेच्या सुमारास लागते. चांद्र महिना मात्र मागेपुढे सरकतो आणि अधिक मासाने त्याचा मेळ घालावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे पावसाचा मुख्य भर तोवर होऊन गेला होता. बारा चित्रांच्या संचात या तेराव्या महिन्याला जागा नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, बारमासा चित्र हे शेतीचे वेळापत्रक नाही. ते सण, व्रते आणि भावना यांचे वेळापत्रक आहे. मावळच्या माणसाकडे दोन्ही वेळापत्रके होती. पेरणीसाठी नक्षत्र आणि सणासाठी महिना.

६. दख्खनची वाट : महिन्याऐवजी राग

दख्खनमध्ये ऋतुचित्रणाचा ओघ बारमासापेक्षा रागमालेकडे वळलेला दिसतो. रागमालेत संगीतातील राग-रागिणींना मानवी रूप दिले जाते आणि प्रत्येक रागाशी एक प्रहर किंवा ऋतू जोडलेला असतो. मेघ पावसाचा, हिंदोल व वसंत वसंताचे, दीपक उष्णतेचा असे संकेत रूढ होते.

निजामशाहीतील चित्रकलेचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा पुण्यातच आहे. आफताबी या कवीने पहिल्या हुसेन निजामशाहाच्या कारकिर्दीवर रचलेल्या 'तारीफ-ए-हुसेनशाही' या काव्याची सचित्र प्रत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. तालिकोटच्या १५६५ मधील लढाईनंतरच्या काही वर्षांत ती तयार झाली. फारसी भाषेतील या दरबारी हस्तलिखितात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलण्याचा, म्हणजे 'दोहद' या प्राचीन भारतीय कल्पनेचा प्रसंग चित्रित झाला आहे. भारतीय वसंतकल्पना सुलतानी दरबाराने किती सहजपणे आत्मसात केली होती, याची ही साक्ष आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेला एक रागमाला संच अभ्यासक अहमदनगर किंवा उत्तर दख्खनशी जोडतात. त्यातील चित्रांवर संस्कृत श्लोक आहेत. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील हिंदोल रागाचे चित्र याच संचातील होय. झोपाळ्यावर बसलेले युगुल आणि त्यांच्यावर रंगीत पाणी उडविणाऱ्या स्त्रिया असा त्याचा विषय आहे. येथे झोपाळा वसंताची खूण आहे. उत्तरेकडील अनेक चित्रांत झोपाळा श्रावणाची खूण असतो आणि महाराष्ट्रातही नागपंचमीचे झोके श्रावणातच बांधतात. म्हणून केवळ झोपाळा पाहून ऋतू ठरविता येत नाही. सोबत रंग असेल तर वसंत, ढग असतील तर श्रावण. लघुचित्रातील खूण एकटी बोलत नाही. ती शेजारच्या खुणेबरोबर वाचावी लागते.

७. चित्रातील विरह आणि ओवीतील विरह

मावळात चित्रसंच झाले नसले तरी महिन्यांची भावनिक नोंद मात्र झाली. ती जात्यावरच्या ओवीत. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हँ यांनी मावळ, मुळशी आणि इतर भागांतील स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन केले. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह मराठी स्त्रियांच्या भावजीवनाचा मोठा दस्तऐवज आहे.

बारमासा चित्र आणि ओवी यांची तुलना केली असता विरहाचा विषय बदललेला दिसतो. चित्रातील नायिका प्रियकराची वाट पाहते. ओवीतील सासुरवाशीण मुख्यतः भावाची वाट पाहते. पंचमीला किंवा दिवाळीला न्यायला येणारा भाऊ, वाटेत आडवी आलेली पुराची नदी, दूर राहिलेले माहेर हे तिचे विषय आहेत. चित्रात श्रावणाची नदी समुद्राला भेटायला धावते म्हणून ती मीलनाची खूण ठरते. सासुरवाशिणीसाठी तीच नदी भावाची वाट अडविते. दुसरा भेद आश्रयाचा आहे. बारमासा चित्रे दरबारातील पुरुष चित्रकारांनी पुरुष कवींच्या शब्दांवरून काढली आणि त्यांत स्त्रीच्या मुखातून महिना बोलविला. ओवीत महिना स्त्रीने स्वतः, काम करता करता सांगितला. या दोहोंपैकी एकच पाहिल्यास भारतीय महिन्यांची कल्पना अपुरी राहते.

८. मळवलीचा छापखाना आणि चित्रातून निसटलेला महिना

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना सुरू केला. १८९९ मध्ये तो मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून येथे तैलचित्रासारखी चकाकी असलेल्या रंगीत तसबिरी छापल्या जात. लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणप्रसंगांची ही चित्रे देशभर पोहोचली. पुढे छापखान्याने लेबले, जाहिराती आणि दिनदर्शिकाही छापल्या. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत छापखान्याचे फार मोठे नुकसान झाले.

लघुचित्र आणि तसबीर यांतील फरक केवळ तंत्राचा नाही. लघुचित्र हातात घेऊन, जवळून, काही मोजक्या व्यक्तींनी पाहावयाचे असे. संचातील एक चित्र बाजूला ठेवून पुढचे घ्यावयाचे, यातच महिन्यांचा क्रम अनुभवास येई. तसबीर भिंतीवर वर्षभर एकाच जागी राहते आणि घरातील सर्वांना, नोकरचाकरांसह, दिसते. चित्र दरबारातून घरात आले, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु बारा महिने टांगावयाच्या चित्रात एखाद्या विशिष्ट महिन्याला वाव राहत नाही. रविवर्मा यांची झोपाळ्यावर बसलेली 'मोहिनी' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हिंदोल रागाच्या चित्रात झोपाळा ऋतूची घोषणा करीत होता. मोहिनीच्या तसबिरीत तो एका सुंदर स्त्रीच्या आकृतीला डौल देतो. वस्तू तीच राहिली, तिचा कालार्थ गळाला.

दिनदर्शिकेने हा बदल पूर्ण केला. वर वर्षभर तीच देवता आणि खाली महिन्यामहिन्याला बदलणारे आकडे, अशी तिची एक रूढ मांडणी झाली. १९७३ मध्ये सुरू झालेल्या 'कालनिर्णय'ने तिथी, नक्षत्र, सण आणि व्रते ही सारी माहिती घराघरांत पोहोचविली. बारमासा चित्रातील पंचांगाचा भाग अशा रीतीने अक्षरांत आणि आकड्यांत सुरक्षित राहिला. चित्र आणि महिना मात्र वेगळे झाले.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. बारमासा चित्रातील निसर्ग हा प्रत्यक्ष हवामानाची नोंद नसून नायिकेच्या युक्तिवादाचा पुरावा आहे. त्यातील तिथी व सण पूर्णिमान्त गणनेने वाचले पाहिजेत. एखादी खूण स्वतंत्रपणे न पाहता इतर खुणांसह पाहिली पाहिजे. आणि चित्रातील महिना प्रादेशिक अनुभवाशी ताडून पाहिल्यास चित्र आणि प्रदेश दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

मावळच्या संदर्भात या शेवटच्या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर या परिसरातील शेतजमिनीचा वापर झपाट्याने बदलला. भाताच्या खाचरांच्या जागी बंगले व गृहप्रकल्प उभे राहिले. लोणावळ्याचा पाऊस आज अनेकांना पर्यटनाचा हंगाम म्हणून माहीत आहे. पावसाळ्यातील आषाढ आणि श्रावण यांतील भेद ओळखणारी नजर त्यामुळे दुर्मीळ होत आहे. आवणीचे दिवस, पालखीचे प्रस्थान, पंचमीला येणारा भाऊ, दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि कार्ल्याच्या एकवीरा देवीची चैत्रातील यात्रा यांतून मावळचे महिने घडले. त्यांचा चित्रसंच कोणी काढला नाही. परंतु ते महिने ज्यांनी अनुभवले अशी माणसे गावोगावी आहेत. महाविद्यालयीन पातळीवर कला, इतिहास, भूगोल आणि मराठी या विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन, एका महिन्याचे लघुचित्र समोर ठेवून, त्या महिन्याविषयी या माणसांना बोलते केले तर लघुचित्राचे वाचन आणि स्थानिक स्मृतीचे जतन ही दोन्ही कामे एकाच वेळी साध्य होऊ शकतील.